ताऱ्यांचे वेध आणि वातावरणाचे वक्रीभवन

(मावला, जिल्हा आदिलाबाद येथे शिक्षक, अधिकारी व ग्रामस्थ यांच्या सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय प्रथमदर्शनी आपल्यापासून दूरचा वाटण्याचा संभव आहे. समुद्रावरील नाविक ताऱ्यांचे वेध घेऊन आपले स्थान कसे ठरवितो आणि वातावरणामुळे त्याच्या गणितात कोणती चूक शिरते, हा तो विषय होय. मावल्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तथापि ज्या हवेतून ताऱ्याचा किरण नाविकाच्या डोळ्यांपर्यंत येतो, तीच हवा आपल्याही डोक्यावर आहे. आपल्या पंचांगातील सूर्योदय, आपल्या शेताची मोजणी आणि आपल्या देशाचा नकाशा या तिन्ही गोष्टींशी या हवेचा निकटचा संबंध आहे. म्हणून हा विषय येथे मांडण्यात औचित्यभंग होणार नाही, असे मला वाटते.

वक्रीभवन म्हणजे काय?

पातेल्याच्या तळाशी नाणे ठेवावे आणि ते काठाआड जाऊन दिसेनासे होईल इतके मागे सरावे. मग दुसऱ्या कोणी पातेल्यात हलकेच पाणी ओतले की नाणे पुन्हा दिसू लागते. नाणे जागचे हललेले नसते. पाण्यातून हवेत येताना प्रकाशकिरण वाकलेला असतो. यालाच वक्रीभवन म्हणतात. शाळेच्या पुस्तकात याला अपवर्तन असे नाव आढळेल.

आकाशातही हेच घडते. पृथ्वीभोवतालची हवा वर विरळ आणि खाली दाट आहे. ताऱ्याचा किरण वरून खाली येताना अधिकाधिक दाट थरांत शिरतो आणि क्रमाक्रमाने खालच्या बाजूस वाकतो. आपला डोळा मात्र किरण ज्या दिशेने शेवटी आत आला त्याच दिशेला तारा आहे असे मानतो. परिणामी प्रत्येक तारा त्याच्या खऱ्या स्थानाहून थोडा वर दिसतो.

थोडा म्हणजे किती? अंशाचे साठ भाग केले म्हणजे एक कला होते आणि कलेचे साठ भाग केले म्हणजे एक विकला. तारा बरोबर डोक्यावर, म्हणजे खमध्यी असेल, तर वक्रीभवन शून्य असते. क्षितिजापासून ४५ अंश उंचीवर ते सुमारे १ कला, ३० अंशांवर १.७ कला आणि १० अंशांवर ५.३ कला होते. प्रत्यक्ष क्षितिजावर ते ३४ कलांपर्यंत जाते. सूर्यबिंबाचा व्यास सुमारे ३२ कलांचा आहे. मावळत्या सूर्याची खालची कड क्षितिजाला टेकलेली आपणास दिसते, त्या क्षणी वस्तुतः संपूर्ण सूर्य क्षितिजाखाली गेलेला असतो! त्या वेळी बिंब चपटे दिसते, त्याचेही कारण हेच. खालची कड वरच्या कडेपेक्षा जवळजवळ ६ कला अधिक उचलली जाते.

मावला कोठे आहे?

आता हा आकडा स्थाननिश्चितीस कसा बाधतो ते पाहू. ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची म्हणजे त्या स्थळाचा अक्षांश, हा नियम गुरुजनांना ठाऊक आहेच. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून थोड्या अधिक अंतरावर फिरतो. ती दुरुस्ती कोष्टकावरून करता येते.

मावल्याचा अक्षांश साडेएकोणीस अंशांहून किंचित अधिक आहे. म्हणजे येथून ध्रुवतारा क्षितिजापासून फार उंच नाही. या उंचीवर आपल्या प्रदेशातील हवेत वक्रीभवन सुमारे अडीच कलांचे होते. अक्षांशाची एक कला म्हणजे एक सागरी मैल, अर्थात १.८५२ किलोमीटर. कोणी उत्तम यंत्राने येथून ध्रुवताऱ्याचा वेध घेतला आणि वक्रीभवनाची दुरुस्ती करावयास तो विसरला, तर त्याच्या कागदावर मावला गाव सुमारे साडेचार किलोमीटर उत्तरेस सरकेल आणि जवळजवळ आदिलाबाद शहराच्या वेशीवर जाऊन बसेल. यंत्र निर्दोष, निरीक्षक दक्ष, बेरीज-वजाबाकी बिनचूक. तरीही गाव जागेवर नाही.

भूमीवर अशी चूक झाली तर वाटसरू कोणालाही विचारून रस्ता सुधारून घेतो. समुद्रावर विचारावयास कोणी नसते. साडेचार किलोमीटरांच्या चुकीत एखादा खडक सहज लपून राहू शकतो. म्हणून नाविकाचे साधन असलेल्या सेक्स्टंटने ताऱ्याची उंची घेतल्यावर पहिली काही मिनिटे केवळ दुरुस्त्यांत जातात. यंत्राची स्वतःची चूक वजा करावयाची. पाहणारा पाण्यापासून उंचावर उभा असतो, म्हणून त्याला क्षितिज खाली दिसते. चार मीटर उंचीवरून ही चूक सुमारे साडेतीन कला होते. तीही वजा करावयाची. त्यानंतर वक्रीभवन वजा करावयाचे. या दुरुस्त्या झाल्यावरच मूळ गणितास आरंभ होतो.

ही विद्या आज केवळ संग्रहालयात राहिली आहे असे नव्हे. उपग्रहांच्या साह्याने दिशा ठरविण्यास मनाई असलेली ‘गोल्डन ग्लोब’ ही एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावयाची नौकास्पर्धा अलीकडेच दोनदा झाली. भारतीय नौदलातील अधिकारी अभिलाष टोमी २०१८ साली गोव्यात बांधलेल्या ‘तुरीया’ नौकेतून तीत उतरले. हिंदी महासागराच्या दक्षिण भागातील वादळात त्यांना गंभीर दुखापत झाली. तरीही २०२२ साली ते पुन्हा निघाले आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसऱ्या क्रमांकाने परतले. त्या महिन्यांत त्यांचा आधार सेक्स्टंट, घड्याळ, कोष्टके आणि कागदी नकाशे हाच होता.

चुकीचे माप आधी ओळखावे

येथे एक प्रश्न कोणाच्या मनात उभा राहील. अरबी समुद्रातून ये-जा करणारे आपले जुने तांडेल वक्रीभवनाची कोष्टके न बाळगता कसे जात असत? त्या काळी हिंदी महासागरात ‘कमाल’ नावाचे साधे साधन चालत असे. लाकडाची लहान फळी आणि तिला बांधलेली गाठींची दोरी एवढेच त्याचे स्वरूप. दोरी दातांत धरून फळी ताऱ्याच्या आणि क्षितिजाच्या मध्ये बसवावयाची आणि ध्रुवाची उंची बोटांच्या मापाने सांगावयाची. हे बोट सुमारे दीड अंशाचे, म्हणजे नव्वदाहून अधिक कलांचे होते. जेथे बोटाच्या अंशाचीच खात्री देता येत नाही, तेथे अडीच कलांची दुरुस्ती करून काय साधणार?

यातून पहिला धडा मिळतो. कोणती चूक किती मोठी आहे हे आधी ठरवावे आणि मगच तिच्या मागे लागावे. साधन जसजसे सूक्ष्म होते, तसतशा आजवर झाकलेल्या चुका उघड्या पडतात. युरोपात सोळाव्या शतकाच्या अखेरीस टायको ब्राहे याने आपली वेधयंत्रे कलेच्या आत अचूक केली, तेव्हाच त्याला वक्रीभवनाचे कोष्टक करणे भाग पडले.

हवेचा स्वभाव

वक्रीभवन सदैव सारखे असते, तर एक कोष्टक करून काम भागले असते. परंतु ते हवेच्या दाटपणावर अवलंबून आहे आणि दाटपणा तापमान व दाब यांवर. नाविकांची कोष्टके १० अंश सेल्सियस तापमान आणि १०१० मिलिबार दाब गृहीत धरतात. आपल्या आदिलाबादेत हिवाळ्याच्या पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो आणि वैशाखात चाळिशी ओलांडतो. तेवढ्यानेच वक्रीभवनात सुमारे दहा टक्क्यांचा फरक पडतो.

४५ अंश उंचीवर हा फरक एका कलेचा दहावा हिस्सा. तो कोणाला जाणवणारही नाही. क्षितिजाजवळ मात्र तोच तीन-चार कलांचा होतो. शिवाय तेथे किरणाला जमिनीलगतच्या थरांतून फार मोठा प्रवास करावा लागतो. ते थर कोठे तापलेले, कोठे गार, कोठे पाण्यावरून आलेले असतात. त्यांचा हिशेब कोणतेही कोष्टक देऊ शकत नाही. इ.स. १५९७ च्या जानेवारीत विल्यम बॅरेंट्स याच्याबरोबरचे डच खलाशी उत्तरध्रुवाकडील नोव्हाया झेम्ल्या बेटावर अडकले होते. त्यांना सूर्य गणिताने यावयास हवा त्याच्या सुमारे दोन आठवडे आधी दिसला. सूर्य तेव्हा क्षितिजाखाली जवळजवळ पाच अंश होता. अतिशीत हवेच्या थरांनी त्याचा किरण वाकवून आणला होता. या वृत्तावर कित्येक वर्षे लोकांचा विश्वास बसला नाही.

म्हणून अनुभवी नाविक क्षितिजालगतचा तारा शक्यतो टाळतो. दुसरा धडा असा की, मोजता येते ती चूक दुरुस्त करावी आणि जी मोजता येत नाही तिच्या वाटेसच जाऊ नये.

आपल्या प्रदेशातील महान मोजणी

या दोन्ही धड्यांचा सर्वांत मोठा प्रयोग आपल्या जवळपासच झाला आहे. कर्नल विल्यम लॅम्ब्टन याने १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ भूमापनास आरंभ केला. त्यातूनच पुढे हिंदुस्थानचे महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण उभे राहिले. ७८ रेखांशाच्या आसपासने दक्षिणोत्तर जाणारी त्रिकोणांची जी साखळी त्याने आखली, तिला ‘महाचाप’ म्हणतात. ती कन्याकुमारीजवळून निघून बिदरजवळच्या दामरगिद्यापर्यंत आली. तेथून जॉर्ज एव्हरेस्ट याने ती वऱ्हाडात एलिचपूरजवळच्या टाकळखेड्याकडे आणि पुढे उत्तरेस नेली. दामरगिद्याचा अक्षांश सुमारे १८ अंश ३ कला आणि टाकळखेड्याचा २१ अंश ६ कला. मावला या दोहोंच्या अक्षांशांमध्ये येते आणि ७८ रेखांशापासून पूर्वेस सुमारे पंचावन्न किलोमीटरांवर आहे. लॅम्ब्टन २० जानेवारी १८२३ रोजी हैदराबादहून नागपूरकडे जाताना हिंगणघाट येथे मरण पावला. त्याची कबर तेथे आहे. मावल्यावरून जाणाऱ्या महामार्गाने हिंगणघाट सव्वाशे किलोमीटरांच्या आत आहे.

ही मोजणी सुखासुखी झाली नाही. १८१९ साली कृष्णा-गोदावरीच्या दरम्यानच्या रानात तापाच्या साथीने एव्हरेस्टसह त्याची बहुतेक सर्व माणसे आजारी पडली. निशाणे घेऊन डोंगर चढणारे, रात्री दिवे सांभाळणारे, अर्ध्या टनाचा थिओडोलाइट वाहून नेणारे ते लोक याच देशातील होते. त्यांची नावे नकाशावर आली नाहीत. अचूकतेची किंमत त्यांनीही मोजली आहे, हे आपण विसरता कामा नये.

अक्षांश काढताना लॅम्ब्टनने ध्रुवताऱ्याचा आधार घेतला नाही. पाच फूट त्रिज्येचे एक खास यंत्र त्याच्याजवळ होते. त्याने तो जवळजवळ डोक्यावरून जाणारे तारेच पाहत असे. गवंड्याच्या ओळंब्यासारखी सरळ टांगलेली तार खमध्य दाखवी. खमध्यापासून एक अंशावर वक्रीभवन केवळ एक विकला, म्हणजे भूमीवर सुमारे तीस मीटर असते आणि तेवढे गणिताने निश्चित वजा करता येते. ज्या दिशेस हवा लबाडी करू शकत नाही, त्याच दिशेस त्याने पाहिले.

जमिनीवरील दूरच्या खुणा पाहताना मात्र क्षितिजालगत पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते. तेथे एव्हरेस्टने वक्रीभवनालाच कामास लावले. दिवसा जमीन तापून दूरची खूण थरथरते. रात्री जमिनीलगतची हवा गार व दाट होते, किरण अधिक वाकतो आणि दिवसा डोळ्यांआड असलेल्या टेकडीवरील दिवा वर उचलला जाऊन दिसू लागतो. म्हणून आडव्या कोनांसाठी त्याने रात्री दिव्यांचे वेध घेण्याची पद्धत रूढ केली. उंचीचे उभे कोन मात्र दुपारनंतर, वक्रीभवन किमान असते अशा वेळी घेण्याची प्रथा पडली. शिवाय पहिल्या टेकडीवरून दुसरी आणि दुसरीवरून पहिली असे उलटसुलट वेध घेतले, म्हणजे दोहोंतील समान चूक परस्पर कटून जाते. नाविकही उत्तरेकडील एक आणि दक्षिणेकडील एक तारा साधारण सारख्या उंचीवर निवडून हाच लाभ मिळवितो. तिसरा धडा हाच: चुकीला जोडीदार द्यावा, म्हणजे ती आपोआप निघून जाते.

या दक्षतेचे फळ अनपेक्षित मिळाले. मध्य भारतातील कल्याणपूर आणि उत्तरेतील कल्याणा या ठाण्यांमधील अक्षांशांचे अंतर ताऱ्यांवरून एक आले आणि त्रिकोणांवरून दुसरे. फरक होता ५.२३६ विकलांचा, भूमीवर सुमारे १६० मीटर. वेध ढिसाळ असते तर हा फरक चुकांच्या ढिगात बुडाला असता. वेध विश्वासार्ह होते, म्हणूनच विद्वानांना त्याचे कारण शोधावे लागले. १८५५ साली जॉन प्रॅट याने दाखविले की हिमालयाच्या आकर्षणाने ओळंबाच किंचित तिरपा होतो. मात्र गणिताने ते आकर्षण पंधरा विकलांहून अधिक असावयास हवे होते. पर्वतांखालचे खडक तुलनेने हलके आहेत, हा भूविज्ञानातील महत्त्वाचा सिद्धान्त या कोड्यातून पुढे आला.

पंचांगातील सूर्योदय

आता घरातील एका वस्तूकडे वळू. पंचांगात सूर्योदयाची वेळ असते आणि त्या वेळी चालू असलेली तिथी त्या दिवसाची मानली जाते. पण सूर्योदय म्हणजे कोणता क्षण? बिंबाचा मध्य गणिताने क्षितिजावर येतो तो, की बिंबाची वरची कड डोळ्यांना प्रथम दिसते तो? दिसण्याच्या क्षणी बिंबाचा मध्य क्षितिजाखाली ५० कला असतो. ३४ कला वक्रीभवनाच्या आणि १६ कला बिंबाच्या अर्ध्या व्यासाच्या. आपल्या अक्षांशावर या दोन क्षणांत सुमारे साडेतीन मिनिटांचे अंतर पडते. एखादी तिथी नेमकी या साडेतीन मिनिटांत संपली, तर दोन पंचांगांत एकच व्रत दोन दिवशी येऊ शकते. अशा वेळी लोक म्हणतात, एकाचे गणित चुकले. वस्तुतः दोघांचेही गणित बरोबर असू शकते. व्याख्या भिन्न असते. कोणता उदय धरावा हा धर्मशास्त्राचा व परंपरेचा निर्णय आहे. गणिताने फक्त आपण कोणता धरला ते स्पष्ट सांगावे. पंचांग प्रत्यक्ष आकाशाशी जुळले पाहिजे, हा आग्रह १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध करणारे केरो लक्ष्मण छत्रे आणि त्यांच्यानंतर वेंकटेश बापूजी केतकर यांनी मराठीत रुजविला, याचा आपणांस अभिमान वाटावा.

गुरुजनांना एक सोपा प्रयोग सुचवितो. विषुवदिनी दिवस व रात्र समान असतात असे आपण शिकवितो. २० किंवा २१ मार्चच्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या छापील वेळा विद्यार्थ्यांकडून तपासून घ्याव्यात. प्रत्यक्ष दिसणाऱ्या सूर्याच्या वेळा असतील, तर येथे दिवस सुमारे सात मिनिटांनी मोठा आढळेल. खरी समानता मार्चच्या चौदा तारखेच्या आसपासच येऊन गेलेली असते. ही सात मिनिटे म्हणजे वक्रीभवन आणि बिंबाचा आकार यांची देणगी. यासाठी सूर्याकडे टक लावून पाहण्याची मुळीच आवश्यकता नाही.

ध्रुवताऱ्याची उंचीही कोनमापक, नळी व ओळंबा यांनी मोजावी. अशा साधनाने एका अंशाची चूक होणारच आणि एक अंश म्हणजे १११ किलोमीटर. तेव्हा तेथे अडीच कलांची दुरुस्ती लावण्याचा मोह टाळावा. तीस मुलांची तीस मापे फळ्यावर लिहून त्यांतील फरक दाखवावा. चूक लपविण्याऐवजी तिचे माप सांगण्याची सवय मुलांना लागली, तर तो प्रयोग सफल झाला असे समजावे.

आजची मोजणी

शेवटी अधिकारी वर्ग आणि शेतकरी बांधव यांच्यासाठी दोन शब्द. आज जमिनीची मोजणी साखळीऐवजी उपग्रहांच्या संकेतांवरून होऊ लागली आहे. २०२० साली सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या स्वामित्व योजनेत अनेक राज्यांतील गावठाणे ड्रोनच्या साह्याने मोजली गेली. साधन बदलले, हवा बदललेली नाही. उपग्रहाचा संकेतही हवेत रेंगाळतो. डोक्यावरच्या उपग्रहाचे अंतर त्यामुळे सुमारे अडीच मीटर अधिक भासते. क्षितिजापासून दहा अंशांवरील उपग्रहाचे तेरा मीटरांच्या आसपास. म्हणून दहा-पंधरा अंशांखालचे उपग्रह हिशेबात न धरण्याचा प्रघात आहे. तसेच एक यंत्र ज्ञात स्थानी कायम ठेवून दुसरे बांधावर नेतात, म्हणजे दोहोंवरील हवेची समान चूक कटून जाते. नाविकाचे आणि लॅम्ब्टन-एव्हरेस्टचे तेच नियम येथे पुन्हा अवतरले आहेत.

बांधाचा वाद उभा राहतो तेव्हा यंत्राच्या पडद्यावरील आकडा अंतिम सत्य म्हणून दाखविला जातो. तो आकडा आदरणीय आहे. परंतु आकाश किती मोकळे होते, ज्ञात स्थान कोणते घेतले आणि चुकीची मर्यादा किती, हे विचारण्याचा अधिकार शेतकऱ्याला आहे आणि ते सांगणे हे मोजणी करणाऱ्याचे कर्तव्य आहे. मर्यादेसह सांगितलेला आकडा अधिक विश्वासास पात्र असतो.

तारा दिसतो तेथे नसतो, हे सत्य कळल्यावर नाविकाने आकाशाकडे पाहणे सोडले नाही. किती अंतराने नसतो ते त्याने मोजले आणि त्या मापाच्या बळावर तो किनाऱ्यास लागला. आपल्या शाळांत, कार्यालयांत आणि शेतांतही हीच वृत्ती रुजावी, एवढी अपेक्षा व्यक्त करतो.